सर्व परत

दुपारी दोन पन्नासला लेक चौकीवर पोहोचली तेव्हा तिचे वडील परत आलेले होते. कागदावर.

टेबलावर एक छापील तक्ता होता. त्यात चार रकाने: नाव, निघाल्याची वेळ, कुठपर्यंत, परत. पहिल्याच ओळीत वडिलांचं नाव त्यांच्या सरळ, टोकदार अक्षरात होतं. निघाले सहा चाळीसला. कुठपर्यंत, तर वरच्या तळ्यापर्यंत. आणि 'परत'च्या रकान्यात निळ्या शाईची टिक, तिच्यापुढे २.००.

"आलेत की ते," कारकून म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती. "तंबूत बघा, ताई."

"तंबूतूनच येतेय मी."

"मग नळावर असतील. म्हाताऱ्या माणसांना आल्याआल्या आंघोळ लागते."

"तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"टिक आहे ना."

लेकीनं तक्ता वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. नऊ नावं, नऊ टिका, आणि प्रत्येक टिकेपुढे २.००. त्यातलं एक जोडपं अर्ध्या वाटेतून, अकराच्या सुमाराला परतलं होतं. तिनं स्वतः त्यांच्याकडून काडेपेटी मागून घेतली होती. त्यांच्यापुढेही दोनच.

"नऊ जण एकाच मिनिटाला आले?"

"ती सरासरी वेळ असते," कारकून म्हणाला, आणि या उत्तरात काही चुकीचं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही दिसलं नाही.

चौकी म्हणजे एक खोली. टेबल, दोन खुर्च्या, वायरलेसचा संच, भिंतीवर नकाशा. राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून ती बेचाळीस किलोमीटर आत होती, सगळा कच्चा रस्ता. मोबाइल फाटकापाशीच मुका होई. चौकीच्या मागे दोनशे पावलांवर कॅम्प: बारा तंबूंचे ओटे, एक नळ, दोन संडास. पुढे एक आडवी दांडी, आणि दांडीपलीकडे वर जाणारी पायवाट. तीन किलोमीटरवर कडा, आठ किलोमीटरवर तळं. बहुतेक लोक कड्यापर्यंत जात, फोटो काढत आणि उतरत. आज तळ्यापर्यंत गेलेला माणूस एकच होता.

तो एकाहत्तर वर्षांचा निवृत्त मोजणीदार होता. चौतीस वर्षं त्यानं खांद्यावर साखळी टाकून दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या होत्या. ज्याची मोजणी करायची नाही असं एखादं पाणी नुसतं बघत बसायचं, एवढीच त्याची इच्छा होती, म्हणून लेक आणि जावई त्याला तीन रात्रींसाठी इथे घेऊन आले होते. खरेदी जावयानं केली होती: हवा भरायची गादी, पेला ठेवायला भोक असलेली घडीची खुर्ची, आणि नवेकोरे बूट. बुटांनी पहिल्याच दिवशी दोन्ही टाचा सोलून काढल्या. "जावईबापू, तुम्ही बुटांची समजूत काढा," मोजणीदार सकाळी म्हणाला होता, "मी तळं बघून दोनपर्यंत येतो." तो दोन म्हणाला की एक पंचावन्नला दारात उभा असे. घरातल्या कुणालाच याला अपवाद आठवत नव्हता.

"हे तुम्ही कधी भरलंत?" लेकीनं विचारलं.

"अडीचला. रोज अडीचलाच भरतो."

"माणसं यायच्या आधी?"

कारकुनानं पेनाचं टोपण लावलं. ताईंना समजावून सांगावं लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

तीन वाजता फाटकावर आकडा कळवायचा असतो: किती गेले, किती परत. चार वाजता दिवसातली एकमेव गाडी फाटकाकडे निघते, तिच्याबरोबर तक्ता जातो. लोक मात्र पाच-सहापर्यंत उतरत असतात. तक्त्यात रिकामी जागा गेली की दुसऱ्या दिवशी वरून कागद येतो, 'खुलासा करावा'. खुलासे लिहून कंटाळलेल्या कुठल्याशा जुन्या कारकुनानं एक दिवस अडीच वाजताच सगळ्या टिका मारून टाकल्या. खुलासे बंद झाले. तो बदलून गेला, त्याच्यामागून आलेल्यांना टेबल, खुर्ची आणि ही पद्धत असं सगळं एकत्र मिळालं.

"आजवर कधी चुकलेलं नाही," कारकून म्हणाला.

"म्हणजे कुणाला कळलेलं नाही."

लेक रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथे नळीवर नाव लिहायचं ते रक्त काढल्यावर, माणूस समोर बसलेला असताना. आधी नाव घालून ठेवलेली नळी सापडली की ती फेकायची, आत काहीही असो. तिच्या हाताखालच्या एका मुलीनं वेळ वाचवायला सकाळीच वीस नळ्यांवर नावं घालून ठेवली होती. लेकीनं तिची तक्रार केली होती आणि मुलगी रडली तरी मागे घेतली नव्हती. त्यामुळे तिला आता जो राग येत होता तो नवखा नव्हता.

"खोडा ते," ती म्हणाली. "माझ्या वडिलांची टिक खोडा."

"खाडाखोड चालत नाही, ताई. इथे छापलंयच बघा खाली."

छापलं होतं. तक्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरात: खाडाखोड केलेला तक्ता ग्राह्य धरला जाणार नाही.

तेवढ्यात तीन वाजले. कारकुनानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वायरलेस उचलला आणि ती समोर उभी असताना, तिच्या डोळ्यांदेखत, बटण दाबून म्हणाला, "चौकीवरून फाटक. नऊ गेले, सर्व परत. संपलं."

 लेकीनं टेबलाला वळसा घालून हात पुढे केला. "द्या इकडे ते."

"जनतेला वापरता येत—"

"द्या."

त्यानं दिला. पलीकडून आवाज आला तो फाटकावरच्या अधिकाऱ्याचा. चौकीवर सगळे त्याला नुसतं साहेब म्हणत.

"साहेब, मी कॅम्पवरून बोलतेय. माझे वडील सकाळी तळ्याकडे गेले ते अजून आलेले नाहीत. एकाहत्तर वय आहे. शोधायला माणसं पाठवा."

"नाव?"

तिनं नाव सांगितलं. कागद सरकवल्याचा आवाज आला.

"मॅडम, आत्ताच आकडा आलाय माझ्याकडे. नऊ गेले, नऊ परत, बाहेर शून्य. शोधायला माणसं पाठवायची तर कुणीतरी बाहेर असायला हवं ना?"

"माझे वडील बाहेर आहेत."

"ते परत आलेत."

"आले असते तर मी इथे कशाला तडफडले असते?"

"घरात काही बोलाचाली झालीय का? वयस्कर माणसं रुसून बसतात कुठेतरी झाडाखाली. बघा जरा आजूबाजूला. संध्याकाळपर्यंत नाही आले तर लेखी द्या, उद्याच्या गाडीनं येईल माझ्याकडे. संपलं."

उद्याची गाडी. म्हणजे उद्या दुपारी चारला निघणारी, सहाला फाटकावर पोहोचणारी. लेकीनं वायरलेस टेबलावर ठेवला. ती घाबरली आहे असं कारकुनाला वाटलं असावं, कारण तो उठून तिला पाणी देऊ लागला.

"पाणी राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता खोटं बोललात. माझ्यासमोर."

"मी आकडा दिला, ताई."

एवढ्यात जावई लंगडत आला. पायात रबरी सपाता, दोन्ही टाचांवर पट्ट्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि त्याचा आवाज वर्गाबाहेर कधी चढत नसे.

"मी याची गचांडी धरू का?" त्यानं बायकोला विचारलं.

"अहो, तुम्ही आधी बूट घालून या."

"बूट?"

"बूट. आणि पाण्याच्या बाटल्या, आणि माझा स्कार्फ. जा."

बाहेर दांडीपाशी दोन वनरक्षक बाकावर बसले होते. एक मिशीवाला, पन्नाशीचा. दुसरा तरणा आणि उंच. त्यांनीही सगळं ऐकलं होतं, कारण चौकीच्या खिडकीला काच नव्हती.

"तुम्ही जाऊ शकता ना वर?" लेकीनं मिशीवाल्याला विचारलं.

"हुकमाशिवाय नाही, ताई. चौकी सोडता येत नाही."

"आणि हुकूम?"

"साहेब देतील. कुणी हरवलं तर."

"आणि हरवलेला माणूस परत आलेला आहे."

"तसं म्हणतायत खरं," मिशीवाला म्हणाला आणि त्यानं पायवाटेकडे बघितलं. कॅम्पवरच्या माणसांत वाटेकडे बघणारा तो पहिलाच.

दांडीशेजारी एक फलक होता. त्यावर चौदा नियम. लेक कुठलाही छापील कागद शेवटपर्यंत वाचणाऱ्यातली होती. ती वाचू लागली. कचरा टाकू नये. प्राण्यांना खायला घालू नये. फुलं तोडू नयेत. अकराव्या नियमाशी ती थांबली. दुपारी तीननंतर वाटेवर प्रवेश नाही. तसं केल्यास वनरक्षक तत्काळ पाठलाग करून परत आणतील.

"दादा, आता किती वाजले?"

"तीन वीस."

"मी आत्ता या दांडीखालून गेले, तर?"

मिशीवाल्यानं तिच्याकडे बघितलं. "तर आणावं लागेल तुम्हाला."

"साहेबांना विचारून?"

"त्याला काय विचारायचंय? नियमच आहे. तत्काळ."

"किती लांबपर्यंत पाठलाग करता?"

"सापडेपर्यंत," मिशीवाला म्हणाला. तो बाकावरून उठला, चौकीच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं घडीचं स्ट्रेचर त्यानं काढलं आणि तरण्याच्या खांद्यावर दिलं. स्वतः दोराचं भेंडोळं आणि औषधांची पेटी घेतली.

कारकून खिडकीत आला. "स्ट्रेचर कशाला?"

"ताई पळतायत. पडल्या-बिडल्या तर?"

"अजून पळाल्या कुठे?"

"अगं, थांब!" जावई बूट घालून, बाटल्या कवटाळून येत होता. लेक तोवर दांडीखालून वाकून पलीकडे गेली होती. मिशीवाला दांडीपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला, ती वीस-पंचवीस पावलं गेल्याची खात्री करून घेतली आणि ओरडला, "ए ताई! परत या! नियम अकरा!" मग तिघे तिच्या मागून निघाले. जावयावरही तोच नियम लागू होता, पण त्याला पकडण्याची कुणी घाई केली नाही.

"फार जोरात पळू नका," पहिल्या चढावर मिशीवाला म्हणाला. "पाठलाग करणाऱ्याला दम लागतो."

हे सगळं गमतीचं वाटेल. लेकीला त्यात एकही गंमत वाटली नाही. जिवंत माणसाला शोधायला नियम नव्हता आणि नियम मोडणाऱ्या बाईच्या मागे धावायला होता, हे चढता चढता ती मनात पुन्हा पुन्हा मांडत होती आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. कड्याशी तिनं हाक मारली. उत्तर नाही. चौथ्या किलोमीटरच्या दगडाशी मारली. पाचव्या दगडाच्या अलीकडे, जिथे वाट ओढ्यावरून लाकडी फळ्यांच्या साकवानं पलीकडे जाते, तिथे हाकेला खालून उत्तर आलं.

"ओरडू नकोस. इथेच आहे मी."

चार पन्नास झाले होते. साकवाची मधली फळी मोडून लोंबत होती. मोजणीदार खाली, ओढ्याच्या काठच्या खडकाला पाठ लावून बसला होता. उजवा पाय त्यानं दोन काठ्यांमध्ये घालून शर्टाच्या पट्ट्यांनी बांधला होता आणि पट्ट्यांतून रक्त झिरपत होतं. घोट्याच्या वर पाय जिथे वळायला नको तिथे वळलेला होता. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा!"

"तळं पाहिलं," तो म्हणाला. "छान आहे. सव्वाअकराला परत निघालो, आणि बाराला ही फळी गेली. पाच तास झाले. मला वाटलं, तीनला आकडा जाईल, एक माणूस कमी आलाय म्हणतील, सव्वातीनला माणसं निघतील, साडेचार-पावणेपाचला इथे. पाच मिनिटं उशीर झालाय तुम्हाला."

त्यानं हिशेब बरोबर केला होता. फक्त नऊ गेले नऊ आले असं कुणी म्हणेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

तरण्यानं ओढ्यात उतरून फळीचं टोक बोटांनी दाबलं. लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं.

"या साकवाची पाहणी कधी झाली होती?" लेकीनं विचारलं.

"गेल्या महिन्यात," मिशीवाला म्हणाला.

"कुणी केली?"

मिशीवाला मोजणीदाराच्या पायाला नवी पट्टी बांधत होता. त्यानं गाठ मारली आणि ओढून बघितली. "कागदावर झाली, ताई."

तिथून खाली यायला सव्वादोन तास लागले. पुढे तरणा, मागे मिशीवाला, उतार आला की एका बाजूनं जावई. त्याच्या टाचांतून रक्त येऊन मोजे चिकटले होते आणि त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मोजणीदारानं एकदाच म्हटलं, "जावईबापू, खांदा बदला, तुमचा डावा फार खाली जातोय."

लेक स्ट्रेचरशेजारून चालत होती. तिनं बापाला टिकेचं सांगितलं. दोन वाजताच्या नऊ टिका, सरासरी वेळ, सर्व परत. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो हसला, आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळला.

"आमच्यात याला झाडाखालची मोजणी म्हणायचे," तो म्हणाला. "ऊन फार असलं, शेत लांब असलं, की झाडाखाली बसून जुन्या नकाशावरनं आकडे उतरवायचे. साखळी पिशवीतच."

"तुम्हीसुद्धा?"

"दोनदा. नाही, तीनदा."

"आणि ती माणसं? ज्यांच्या जमिनी होत्या ती?"

"काही झालं नाही त्यांना."

"तुम्हाला कळलं नाही, बाबा."

 स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या, पांढऱ्याफटक बापावर ओरडता येत नाही, म्हणून लेक चार पावलं पुढे गेली आणि उतार संपेपर्यंत पुढेच चालली.

चौकीवर गाडी उभी होती. ती चारला निघायला हवी होती. ड्रायव्हरनं चारला फाटकावर कळवलं होतं की इंजिन तापलंय, साडेचारला कळवलं होतं की अजून निवत नाही, आणि मग वायरलेसकडे पाठ करून बॉनेटवर बसून राहिला होता. स्ट्रेचर दिसताच त्यानं मागची सीट काढून बाहेर ठेवली.

"आता निवलं का इंजिन, काका?" जावयानं विचारलं.

"बर्फासारखं. बसा."

गाडीत स्ट्रेचर आणि एक माणूस एवढीच जागा होती. जावयाच्या टाचाही दवाखान्याच्याच लायकीच्या झाल्या होत्या, तो गेला. तंबू आवरायला लेक मागे राहिली. गाडी वळली तेव्हा ड्रायव्हरशेजारच्या कप्प्यात कारकुनानं दिवसाचा तक्ता सरकवून दिला. तिचे वडील तिच्या डोळ्यांसमोर, सात वीसला, उद्यानाबाहेर जायला निघाले होते, आणि दोनला परत आल्याचा कागद त्यांच्याच गाडीतून चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी आली. ड्रायव्हरनं उतरताउतरता सांगितलं, "बरे आहेत. दोन ठिकाणी मोडलाय, प्लास्टर घातलंय. खाट सहा बोटं आखूड आहे म्हणून नर्सशी वाद घालत होते." लेक बाकावर बसली आणि पहिल्यांदाच थोडी रडली. मग तोंड धुऊन आली.

गाडीतून एक कागदही आला होता. टाइप केलेला, साहेबांच्या सहीचा, खाली तिच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ. त्यात लिहिलं होतं: सदर पर्यटक नोंदीनुसार दुपारी दोन वाजता सुखरूप परतले. त्यानंतर ते विनापरवाना पुन्हा वाटेवर गेले व स्वतःच्या निष्काळजीपणानं जखमी झाले. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी तत्परतेनं त्यांची सुटका केली. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.

तिनं तो दोनदा वाचला.

"दोनला परतले," ती कारकुनाला म्हणाली. "आणि पाय मोडला बाराला. म्हणजे मोडलेला पाय घेऊन पाच किलोमीटर उतरले, तुम्हाला दिसले, परत पाच किलोमीटर चढले आणि ओढ्यात जाऊन बसले. असंच ना?"

"ताई, मी नाही लिहिलेलं ते."

"तुम्हीच लिहिलंय. साहेबांनी फक्त टाइप केलंय."

कारकून खाली बघत राहिला. तो चाळिशीचा होता, कॉलर उलटी करून शिवलेला शर्ट, घर फाटकापलीकडच्या गावात. "सही केलीत तर विषय मिटेल," तो हळूच म्हणाला. "नाही केलीत तर खुलासा माझ्याकडे मागतील. माझ्याकडेच. साकवाचा ठेकेदार, साहेब, कुणाकडे नाही मागणार. वडील तुमचे सापडले ना? देवाच्या कृपेनं सगळं ठीक झालं."

"देवाच्या नाही. अकराव्या नियमाच्या."

तिनं सही केली नाही. कागदाची घडी घालून परतही दिला नाही; स्वतःच्या पिशवीत ठेवला. मग ती तंबू आवरायला गेली. गाडी चारला निघणार होती आणि ती त्याच गाडीनं जाणार होती.

जावयाची गादी हवा सोडायला तयार नव्हती. तिच्यावर बसून, लोळून, शेवटी लाथा घालून लेकीनं ती चेपली. अडीच वाजता ती दोन पिशव्या आणि घडीची खुर्ची घेऊन चौकीवर आली, तेव्हा कारकून टेबलाशी बसला होता. समोर आजचा तक्ता. सहा नावं. त्यानं पेनाचं टोपण काढलं, पहिल्या ओळीवर टिक मारली, पुढे २.०० लिहिलं. दुसऱ्या ओळीवर टिक मारली.

लेकीचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. कालच्या माणसाचं रक्त अजून स्ट्रेचरच्या कापडावर होतं. सकाळच्या गाडीतून परत आलेलं ते स्ट्रेचर खिडकीबाहेर वाळत होतं.

तिनं आपला पंजा तक्त्यावर ठेवला. उघडा, चारही राहिलेल्या ओळी झाकतील असा.

"ताई, हात काढा. तीनला आकडा द्यायचाय."

"हे दोघं आले?"

"हे आले. मघाशी आले. कॅम्पवर आहेत."

"आणि बाकीचे?"

कारकुनानं पेन टेबलावर ठेवलं.

"कुठे गेलेत?"

"तळ्याकडे. आज सकाळी साकवावर दोन ओंडके टाकलेत आम्ही. येतील पाचपर्यंत."

"मग पाचला टिक मारा."

"तुमचे वडील सापडले," कारकून म्हणाला, आणि आता त्याच्याही आवाजात राग होता. "आता तुम्हाला काय करायचंय? कोण लागतात ते तुमचे?"

"कुणी नाही. चौघं वर आहेत."

"माझी नोकरी जाईल."

"काल माझा बाप गेला असता."

तीन वाजले. वायरलेस खरखरला, गप्प झाला, पुन्हा खरखरला. कारकुनानं उचलला नाही. मिशीवाला दारात येऊन उभा राहिला. लेकीचा पंजा कागदावरून हलला नाही. तळव्याला घाम येऊन कागद चिकटला होता. तिला माहीत होतं की हात उचलला की चार टिका पडतील, उद्या पाच पडतील, परवा बारा.

चारला ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग तो खिडकीशी आला, आत डोकावला, टेबलावरचा हात बघितला, आणि जाऊन इंजिन बंद केलं.

चार वाजून पाच मिनिटांनी वायरलेसवर साहेब स्वतः आले. "चौकी, आकडा कुठाय? गाडी का निघाली नाही? तक्ता का नाही निघाला?"

कारकुनानं वायरलेस उचलला. लेकीकडे बघितलं नाही. बराच वेळ बटणावर अंगठा नुसता ठेवला. मग दाबला.

"सहा गेले, दोन परत, साहेब. चार बाहेर आहेत."

"चार? तुझ्याकडे कधी असतात का चार बाहेर? काय झालं काय तिथं?"

"काही नाही झालं, साहेब. आज मोजले."

पलीकडून जे आलं ते बराच वेळ चाललं आणि त्यातला 'खुलासा' हा शब्द बाहेर बसलेल्या ड्रायव्हरपर्यंत पोहोचला. कारकून हो साहेब, हो साहेब म्हणत राहिला. वायरलेस ठेवल्यावर त्यानं कपाळ पुसलं आणि खुर्ची सरकवून दाराकडे तोंड करून बसला. लेकीनं हात उचलला. तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता असं नाही; ती खिडकीतच उभी राहिली.

पाच वाजून दहा मिनिटांनी चौघं उतरले. नवरा, बायको, बायकोची बहीण आणि तिची मुलगी. उन्हानं लाल झालेले, दमलेले, तळ्याच्या पाण्यात पाय सोडून बसल्यामुळे उशीर झाला म्हणून एकमेकांवर ढकलत. दांडीपाशी दोन रक्षक, ड्रायव्हर, कारकून आणि एक अनोळखी बाई असे सगळे आपल्याकडे बघत उभे आहेत हे पाहून बायको थबकली.

"काय झालं?" तिनं विचारलं. "कुणी हरवलंय का?"

"नाही," लेक म्हणाली आणि तिच्यापुढे पेन धरलं. "इथे सही करा. आणि वेळ तुमच्या हातानं लिहा."